कळलंसुद्धा नाही

आमच्या दुकानात तीन खुर्च्या आहेत, त्यातली कोपऱ्यातली माझी. तिच्या दोन्ही हातांवर आडवी टाकायला एक फळी आहे, लहान मुलांना उंच बसवायला. ती फळी लांब लांबपर्यंत ठाऊक आहे असं म्हटलं तर फुशारकी होईल, पण खोटं होणार नाही. इतर दुकानांतून लाथा झाडून, रडून, अर्ध्या डोक्यानं परत गेलेली पोरं शेवटी माझ्याकडे येतात.

माझी पद्धत साधी आहे. पोराला कात्री दिसू द्यायची नाही आणि काही सांगायचंही नाही. बोलत राहायचं. "काय रे, तुझ्या कानात हत्ती शिरलाय का?" पोरगं हत्तीच्या विचारात पडलं की तेवढ्यात मागची बाजू साफ. दुसऱ्या कानात त्याची बायको शोधायची, तेवढ्यात डावी बाजू. शेवटी मानेवर मऊ ब्रश फिरवायचा आणि म्हणायचं, "झालं! कळलंसुद्धा नाही ना?" आईबाप खूश, पोरगं खूश, मी तर असा खूश की जणू किल्लाच सर केला.

माझी बायको एका लॅबमध्ये लोकांचं रक्त घेते. तिच्या हाताचंही नाव आहे. म्हातारी माणसं तासभर थांबतात, पण त्याच बाईकडून सुई टोचून घेतात. मात्र तिची पद्धत माझ्या अगदी उलटी. ती आधी सुई दाखवते, मग म्हणते, "आता टोचणार. तीन मोजते." तान्ह्या बाळालासुद्धा सांगते. मी तिला चिडवायचो, "अगं, त्याला अजून स्वतःचं नाव कळत नाही, तीन काय कळणार?" ती म्हणायची, "त्याला नसेल कळत. मला कळतं ना."

अशा दोन हलक्या हातांच्या घरात जी पोर जन्माला आली, तिला कोणाचाच हात हलका लागला नाही.

तिला आम्ही वकीलबाई म्हणतो. कारण ती भांडत नाही, मुद्दे मांडते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी दुकान धुवायला जायचो तेव्हा तिला घेऊन जायचो. मशीनं बंद असली तरच ती आत यायची. दुकानाच्या काचेवरची अक्षरं आतून उलटी दिसतात. तीन वर्षांची असताना ती त्यावरूनच वाचायला शिकली आणि मग बाहेर जाऊन मला म्हणाली, "बाबा, इकडून कोणीतरी चुकीचं लिहिलंय." पाचव्या वर्षी पाढे झाले. माझ्या हाताचा वास घेऊन सकाळी कुठल्या साबणानं दाढ्या केल्या ते सांगायची. बुद्धीला धार होती, माझ्या कुठल्याही वस्तऱ्याला नसेल एवढी.

आणि हीच पोर मोज्याच्या शिवणीवरून तासभर रडायची. डोक्यावर पाणी ओतलं की कोणी मारतंय अशी किंचाळायची. शाळेची घंटा व्हायच्या दोन मिनिटं आधीच कानांवर हात. ट्यूबलाइट लावली की म्हणायची, "ती बोलतेय, तिला गप्प कर." आणि केसांना हात? विचारू नका. फणी लांबून दिसली तरी पलंगाखाली.

माझी बहीण म्हणायची, "लाडानं शेफारलीय. दोन ठेवून द्या, सरळ होईल." मी तिला नावं ठेवणार नाही, कारण दोन वर्षं मीही मनातल्या मनात तेच म्हणत होतो. आणि एकदा, फक्त एकदा, मी ठेवूनही दिली होती. पोर रडली नाही. गालाला हात लावून म्हणाली, "हे मोज्यापेक्षा कमी दुखलं." तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं.

मग बायकोनं चौकशी करून अशा मुलांवर उपचार करणाऱ्या एक बाई शोधल्या. त्यांच्याकडे खोलीत झोपाळा होता, वाळूचा टब होता, जड गाद्या होत्या. त्यांनी पोरीला तासभर पाहिलं आणि मला विचारलं, "दुकानातली तिन्ही मशीनं, रेडिओ, पंखा आणि रस्त्यावरचे हॉर्न एकदम तुमच्या कानाशी धरले तर तुम्ही काय कराल?"

"पळून जाईन," मी म्हणालो.

"तिला पळायला जागा नाही. तिच्या कातडीवरच चाललंय ते सगळं." मग त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "हलका हात तिला सगळ्यात वाईट. मुंग्या चालल्यासारखा लागतो. हात ठेवायचाच असेल तर जड ठेवा. आणि आधी सांगून."

हलक्या हाताचा मी माणूस. वीस वर्षांची कमाई, आणि पोरीला हवा होता नेमका जड हात. पण जमलं. दुपारी दुकान दोन तास बंद असतं. मी जेवायला घरी यायचो, ती शाळेतून यायची. दिवसभर सगळं सोसून पार गळून गेलेली असायची. पलंगावर पालथी पडायची आणि म्हणायची, "बाबा, वजन." मी तिच्या पाठीवर डावा तळवा दाबून ठेवायचो, अगदी कणीक दाबावी तसा. सात मिनिटांत झोप. तिची आई सांगून-विचारून सगळं करायची, पण हा हात फक्त माझाच लागायचा. आईचा तळवा लहान पडतो, असं वकीलबाईंचं मत होतं. या सात मिनिटांसाठी मी सकाळपासून पायावर उभा असायचो. आयुष्यात मला कोणी एवढं मोठं काही दिलं नव्हतं.

केसांचा प्रश्न मात्र तसाच होता. ते वाढले, डोळ्यांवर आले, मानेवर टोचायला लागले. म्हणजे असले तरी त्रास, कापले तरी त्रास. तेव्हा बायकोनं एक तोड काढली: रोज एक कात्री. फक्त एक. पोरीनं "आता" म्हणायचं, मगच चालवायची.

वकीलबाईंनी प्रस्ताव तपासला. "डोक्यावर केस किती असतात?"

"लाखभर."

"आणि एका कच्‌मध्ये किती कापले जातात?"

"पन्नास धर."

तिनं छताकडे पाहिलं. "म्हणजे दोन हजार दिवस. साडेपाच वर्षं. तोपर्यंत पहिले परत वाढतील." मग म्हणाली, "तरी चालेल."

तिनं एका वहीत करार लिहिला आणि मला सही करायला लावली. रोज संध्याकाळी ती स्टुलावर बसायची, दात घट्ट आवळायची, मुठी वळायची. कधी पंधरा मिनिटं जायची, पण "आता" यायचं. कच्. मग ती वहीत एक रेघ ओढायची. सोळा दिवस सोळा रेघा. सतराव्या दिवशी ती म्हणाली, "आज दोन." बायको स्वयंपाकघरात होती. ती बाहेर आली नाही, पण तिनं नळ बंद केला. आम्हा दोघांनाही कळलं होतं, काहीतरी मोठं घडतंय.

त्याच आठवड्यात शाळेतून चिठ्ठी आली. वर्गात उवा झाल्या आहेत, आपल्या मुलीचे केस डोळ्यांवर येतात, ती ते चघळते, कंगवा करू देत नाही. सोमवारपर्यंत केस नीट कापून पाठवावी, अन्यथा घरी ठेवावी. खाली वर्गशिक्षिकेनं हातानं लिहिलं होतं, 'हुशारीबद्दल शंकाच नाही.'

"सोमवारी मी जाऊन बोलते," बायको म्हणाली. "त्या झोपाळ्याच्या बाईंकडून लिहूनही आणते. पंधरा दिवस घरी राहिली तर राहिली."

मी बरं म्हणालो. पण शनिवारी सकाळी एक नेहमीचं गिऱ्हाईक, पोरगा त्याच शाळेत, साबण लावून घेता घेता म्हणालं, "काय हो, सगळ्या गावाची पोरं तुमच्याकडे, आणि तुमच्याच पोरीचं डोकं असं? दिव्याखाली अंधार!" सगळे हसले. मीही हसलो. हसताना हातातला वस्तरा खाली ठेवला.

खरं सांगायचं तर गिऱ्हाइकाचा दोष नाही, शाळेचाही नाही. दुपारी दुकान बंद करताना मी बारीक टोकाची लांब कात्री उचलली आणि तिच्या खिळीत तेलाचा थेंब सोडला. आवाज होऊ नये म्हणून. म्हणजे मी दुकानातूनच ठरवून निघालो होतो. "तिथल्या तिथे सुचलं" असं मी नंतर बायकोला सांगितलं, ते खोटं होतं.

शनिवारी बायकोची दुपारी उशिरापर्यंत ड्यूटी असते. पोर नेहमीसारखी पालथी पडली. "बाबा, वजन." मी डावा हात ठेवला. सात मिनिटं झाली, श्वास लांब झाला. मी आणखी दहा मिनिटं थांबलो. मग उजव्या हातानं खिशातली कात्री काढली.

डावा हात पाठीवरून काढला असता तर ती जागी झाली असती. म्हणून एका हातानं कापले. न फणी, न चिमटा; नुसत्या कात्रीच्या टोकानं एकेक बट उचलायची आणि हवेतच कापायची. मानेवरचे झाले, उजव्या कानाचे झाले. तिनं झोपेत मान वळवली. मी श्वास रोखून बसलो, मग डावी बाजू झाली. शेवटी कपाळावरचे. तिच्या पापण्यांपासून कात्री बोटभर अंतरावर होती, आणि पापणी हललीसुद्धा नाही. माझ्या हातून इतके एकसारखे केस कधी कापले गेले नव्हते. केसांचे बारके तुकडे ओल्या फडक्यानं टिपून घेतले. मला आनंद झाला होता हो. लाज वाटायची ती नंतर वाटली. त्या क्षणी मी फक्त खूश होतो. पोरीच्या मागचा एक छळ मी संपवला, तेही कणभर न दुखवता, असं वाटलं.

ती उठली. डोळ्यांवर केस नाहीत हे तिला लगेच जाणवलं असणार. तिनं कपाळाला हात लावला, मग मानेला. मी रडण्याची वाट पाहत होतो. रडली असती तर मी सांभाळलं असतं; रडणाऱ्या पोरांचंच तर माझं काम आहे. ती रडली नाही. म्हणून मी माझं नेहमीचं वाक्य बोललो.

"झालं! कळलंसुद्धा नाही ना?"

ती उठून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"नाही कळलं," ती म्हणाली. "मी झोपले होते."

"हो ना. म्हणून तर दुखलं नाही."

"तू हात कधी काढलास?"

"नाही काढला गं. शेवटपर्यंत पाठीवरच होता." हे मी प्रेमानं सांगितलं. तिला बरं वाटेल म्हणून सांगितलं.

तिनं मागे हात नेऊन पाठीला लावून बघितला, जिथे माझा तळवा असायचा तिथे. "म्हणजे हात होता, तेव्हाच कापलेस."

ती पलंगावरून उतरली, वही आणली, शेवटच्या रेघांखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'करार रद्द.' मग पेन्सिल माझ्यापुढे धरली. "सही."

मी सही केली.

बायको आली तेव्हा तिनं पोरीचं डोकं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीवर बसली. ओरडेल असं वाटलं होतं. "अहो," ती हळूच म्हणाली, "ती तुमच्या हाताखाली झोपायची. माझ्या नाही, तुमच्या."

सोमवारी शाळेत पोरीचं कौतुक झालं. बहिणीनं फोन केला, "बघ, कापल्यावर काही झालं का? उगाच बाऊ करत होतात." गिऱ्हाइकानंही अंगठा वर केला.

त्या दुपारी पोर पलंगावर पडली, पण उताणी. डोळे उघडे. मी शेजारी बसलो तर उठून बसली. मी दुसऱ्या खोलीत गेलो तर दाराकडे बघत राहिली. दुपारची झोप गेली, मग रात्रीचीही विस्कटली. डोळा लागला की दचकून उठायची आणि पहिला हात केसांना जायचा. टोपी घालून झोपायला लागली. लोकरीची टोपी, जी तिला काट्यासारखी टोचते, ती घालून. सकाळी पट्टी घेऊन आरशासमोर उभी राहायची आणि वहीत लिहायची: डावा कान, नऊ सेंटिमीटर, उजवा कान, नऊ, कपाळ, पाच. कमी झाले नाहीत ना ते तपासायला. डोळ्यांखाली काळं आलं. शाळेत बाकावर डुलकी लागून पडली आणि हनुवटी फुटली.

मी माफी मागितली, एकदा नाही, दहादा. गुडघ्यावर बसून मागितली, कान धरून मागितली. दहाव्यांदा ती मला समजावायला लागली, आपल्याच पोराला समजवावं तसं.

"बाबा, मी तुला माफ केलंय. पहिल्याच दिवशी केलं होतं. पण झोप माझं ऐकत नाही, त्याला मी काय करू?"

मी झोपाळ्याच्या बाईंकडे गेलो. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वेळ द्या. आणि यापुढे काहीही सांगितल्याशिवाय करू नका." मी घरात सगळं सांगायला लागलो. दिवा लावतोय, दार उघडतोय, तुझ्या मागून जातोय. वीस वर्षं न सांगण्यात काढली आणि आता माझी टकळी बंद होईना. दुकानातसुद्धा हत्ती गेले. पोराला कात्री दाखवायचो आणि म्हणायचो, "आता कापणार." पोरं रडायची. आयांना वाटलं, याचा हात गेला.

असे पाच आठवडे गेले.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी दुकान धूत होतो. काचेवर टकटक झाली. बाहेर मायलेकी उभ्या होत्या. बायको दारातच थांबली. तिचा चेहरा उतरला होता. "तिला तुमच्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "मी विचारलं, मला सांगत नाही."

वकीलबाई आत आल्या. तिन्ही खुर्च्या पाहिल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर स्वतः चढून बसल्या.

"फळी टाकू?" मी विचारलं.

"नको. मशीननं सगळे काढ. शून्य नंबर."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "अगं, मशीनचा आवाज तुला…"

"माहीत आहे."

"आपण परत रोज एक कात्री करू. तू म्हणशील तेव्हा. साडेपाच काय, दहा वर्षं लागू देत."

"नको. आज सगळे."

मी बायकोकडे पाहिलं. तिनं पोरीला विचारलं, "नक्की?" पोरीनं मान हलवली. मी मशीन लावलं. चालू केल्याबरोबर तिचं सगळं अंग ताठ झालं. ओठ पांढरे पडले. पण डोळे मिटले नाहीत. ती आरशातून माझ्या हाताकडे एकटक बघत होती.

"आता कपाळावरून सुरू करतोय," मी म्हणालो.

"सांगू नकोस. मी बघतेय."

पहिल्या पट्ट्यातच तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आवाज मात्र नाही. खुर्चीच्या हातांवर तिची बोटं रुतली होती. मला नीट दिसेना. अर्धं डोकं झाल्यावर मी मशीन बंद केलं. "राहू दे गं बाई. माझ्यानं नाही होत."

"थांबू नकोस," ती दातांतून म्हणाली. "थांबलास तर परत पहिल्यापासून सुरू होतं."

मी पुरं केलं. किती वेळ लागला ते आठवत नाही. मशीन ठेवलं तेव्हा ती घामानं भिजली होती आणि तिचा श्वास पळून आल्यासारखा चालला होता. तिनं डोक्यावरून हात फिरवला, पुढून मागे, मागून पुढे. एकही जागा सोडली नाही.

"का गं असं केलंस?" मी तिच्यासमोर खाली बसलो होतो. "एवढं सोसून का?"

"आता झोपेत कापायला काही उरलं नाही ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. गणित सुटल्यावर जसं उत्तर सांगते, तसं सांगितलं. मग विचारलं, "किती दिवसांत परत हातात येण्याएवढे वाढतात?"

"तीनेक आठवडे."

"मग मी दर दोन आठवड्यांनी येईन. सुट्टीच्या दिवशी, कोणी नसताना."

बायकोनं तिला पाणी पाजलं आणि घरी नेलं. मी दुकान पुन्हा धुतलं. खरं तर ते धुवून झालं होतं.

चार वाजता फोन आला. "झोपली," बायको म्हणाली. "आल्या आल्या पालथी पडली आणि झोपली. दोन तास झाले."

"मी येतो," मी म्हणालो. "नुसता दारातून बघतो."

"एवढ्यात नका येऊ. झोपताना तिनं विचारलं होतं, बाबा कुठे आहेत. मी म्हटलं, दुकानात. मगच डोळे मिटले तिनं."

मी बरं म्हटलं.